शरणम्मा कुणाची?

लातूर, १४ जून २०२५

मालविका,

फोन लावला तर लागत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस हे कळायला मला अख्खा दिवस लागला. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या नांदेडच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर. म्हणजे मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

काल तू आमच्या सेंटरवर परीक्षा घ्यायला आलीस. इस्त्रीची साडी, गळ्यात असेसरचं ओळखपत्र. मला बघून म्हणालीस, "नमस्कार मॅडम, रुग्णसेवेच्या बॅचच्या ट्रेनर तुम्हीच का?"

मॅडम! नर्सिंगला असताना आपण एका खोलीत राहिलो. औशाहून माझ्या आईनं पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर तुझी तीन वर्षं निघाली. आणि काल मी मॅडम. चहा पुढे केला तर "नको, माझ्याकडे पाणी आहे." संचालकांनी जेवायचं विचारलं तर "डबा आणलाय." जसं काही आम्ही पोळीभाजी घालून मार्क विकत घेणार होतो. मग मला खोलीबाहेर जायला सांगितलंस. परीक्षा चालू असताना शिकवणाऱ्यानं आत थांबायचं नाही, हा नियम मलाही माहीत आहे. पण तो सांगताना तुझा जो चेहरा झाला होता, तो कुठल्या नियमात बसतो?

मी व्हरांड्यात उभी राहून सगळं ऐकत होते, दाराच्या फटीतून पलंग तेवढा दिसत होता. आमचा वॉचमन शेषेराव पेशंट होऊन पलंगावर पडला होता. उजव्या अंगाला लकवा झालाय असं समजायचं आणि त्याला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचं. माझ्या बॅचमधली शरणम्मा आत गेली. एक शब्द नाही. एकदम त्याच्या खांद्याखाली हात घातला आणि उचललंच. शेषेराव दचकला, त्यानं तिच्या मानेलाच मिठी मारली, दोघं पलंगाच्या काठावर कोसळले.

"ओ बाई, सांगून तर उचला! मेलो असतो की आत्ता!" असं तो ओरडला तेव्हा सगळ्या पोरी हसल्या. तू हसली नाहीस. ते मला न बघताही कळलं.

सगळ्या बॅचमध्ये तू एकीलाच नापास केलंस, आणि तीही शरणम्मा. निलंग्याच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी. नवरा मारायचा म्हणून माहेरी परत आलेली. तिचा भाऊ गुरुबसप्पा रोज म्हणतो, नोकरी लागली तर रहा, नाहीतर नांदायला जा. इथलं एक हॉस्पिटल तिला घ्यायला तयार होतं, फक्त सर्टिफिकेट पाहिजे होतं. तिचे हात बघितलेस का तू? म्हाताऱ्या माणसाची कूस बदलताना चादरीला सुरकुती पडत नाही. मीच तिला सांगितलं होतं की असेसरसमोर तोंड उघडू नकोस. तिच्या मराठीला कानडी हेल आहे, बॅचमधल्या पोरी खिदळतात, तूही नाक मुरडलं असतंस. म्हटलं, तुझे हात बोलतील. पण तुला हात वाचता येत नाहीत. तुला चौकटीत टिकमार्क करता येतात.

दोन वर्षांपूर्वी असेसरच्या मुलाखतीला आपण दोघी एकाच बसनं गेलो होतो. तुला घेतलं, मला नाही. ते मी केव्हाच विसरले. तू विसरली नाहीस असं दिसतं.

तुझी,
सौदामिनी मॅडम


लातूर, २० जुलै २०२५

मालविका,

शरणम्मा नांदेडला मावशीकडे जाते म्हणाली, तेव्हा मीच तिला बसमध्ये बसवून दिलं. पुन्हा परीक्षा होईपर्यंत भावाच्या नजरेआड राहील म्हणून. खिडकीतून मी तिला केळी दिली, तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला काय माहीत, ती तुझ्याच वॉर्डात आयाच्या कामाला लागणार आहे!

दर रविवारी तिचा फोन येतो. पहिल्या रविवारी म्हणाली, "मॅडम, हितं त्या परीक्षेच्या मॅडम सिस्टर हायेत." दुसऱ्या रविवारी, "मालविका मॅडम लई शिस्तीच्या हायेत." आणि आज काय म्हणाली माहीत आहे? "मालविका अक्का म्हणतेत, पेशंटला आधी नावानं हाक मारायची."

अक्का. मोठी बहीण. सहा महिने मी तिला शिकवलं. बीपीचं यंत्र बघून ती घाबरायची, तर माझ्याच दंडावर पट्टा बांधून बांधून तिची भीती घालवली. माझा दंड निळा पडला होता. तिच्यासाठी मी अजून मॅडम, आणि जिनं तिला नापास केलं ती अक्का.

मी तिला स्पष्ट विचारलं, "तुला नापास करणाऱ्या बाईशी इतकं कसं जमलं?"

ती म्हणाली, "मॅडम, परीक्षेदिवशी मी त्यास्नी विचारले होते, माजं कुठं चुकलं. त्या म्हणल्या, मला सांगता येत न्हाई, तुमच्या ट्रेनरला विचारा. मग मी तुमाला विचारले."

हो, विचारलं होतं. आणि मी तिला म्हटलं होतं की तुझं काही चुकलं नाही, त्या बाईचा माझ्यावर जुना राग आहे. मग काय सांगायला हवं होतं? रडत होती ती. रडणाऱ्या पोरीला काय चुका मोजून दाखवायच्या?

आता मला वाटू लागलंय की तू तिला नापास केलंस ते नेण्यासाठीच. आधी माझ्या हातातून पाडायची आणि मग स्वतः झेलायची. तुझं नर्सिंगपासून असंच आहे. मेट्रनबाई माझ्यावर खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी तू लवकर उठून त्यांच्या वॉर्डात हजर. माणसं तुझ्याकडे आपोआप येतात असं तू दाखवतेस. आपोआप कुणी येत नाही, मालविका.

सौदामिनी


लातूर, २५ ऑगस्ट २०२५

मालविका,

शनिवारी मी नांदेडला येऊन गेले. मामेबहिणीकडे डोहाळजेवण होतं. ते दुपारी होतं आणि मी सकाळच्या बसनं निघाले, आता यातून काय तो अर्थ काढ.

तुझ्या वॉर्डाच्या दाराला काच आहे. मी काचेशी उभी होते. कोपऱ्यातल्या पलंगावर एक देगलूरकडची म्हातारी होती, बहुतेक तिला मराठी कमी कळत असावं. शरणम्मा तिच्याजवळ बसली होती. "अज्जी, ऊटा माडरी," म्हणाली, जेव म्हणून. म्हातारीनं तोंड फिरवलं. शरणम्मानं जबरदस्ती केली नाही. काहीतरी कानडीत बोलली, म्हातारी एवढंसं हसली. मग शरणम्मानं तिला सांगितलं की आता मी तुमची मान वर करणार आहे. ते शब्द मला कळले नाहीत, पण तिच्या हातावरून कळलं. उशी सरकवली, थोडं थांबली, मग चमचा पुढे केला. म्हातारीनं आ केला.

तू मागे उभी होतीस. शरणम्मानं मागे वळून तुझ्याकडे बघितलं, आणि तू फक्त मान हलवलीस. ती अशी हसली... मालविका, सहा महिन्यांत ती माझ्याकडे बघून एकदाही तशी हसली नाही.

मला आत येता आलं असतं. मी जिना उतरले. डोहाळजेवणालाही गेले नाही. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. जो असेसर परीक्षा घेणार, त्यानं त्या उमेदवाराला शिकवायचं नसतं. हा नियम तूच मला ऐकवला असतास.

आज सकाळी मी परीक्षा घेणाऱ्या एजन्सीला मेल केला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. असेसर मालविका देशपांडे या आपण नापास केलेल्या उमेदवाराला स्वतःच्या वॉर्डात शिकवत आहेत, एवढंच. खाली माझं नाव, पद, सही. निनावी तक्रारी करणाऱ्यांतली मी नाही.

पाठवल्यावर मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मी गोड शिरासुद्धा केला. आमचे हे म्हणाले, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही.

नियमाला धरूनच,
सौदामिनी


लातूर, २८ सप्टेंबर २०२५

मालविका,

तू हसत असशील. हस.

काल एजन्सीच्या रविकांत सरांचा फोन आला. माझ्या तक्रारीची चौकशी त्यांच्याकडेच आहे. अगदी शांत आवाज. म्हणाले, "मॅडम, शरणम्मा वॉर्डात कामाला लागली त्याच दिवशी मालविकाताईंनी आम्हाला कळवलंय. तिची परीक्षा मी घेणार नाही, तुमच्या सेंटरचीही घेणार नाही, असं. तेव्हा शिकवायला त्यांना मनाई राहत नाही."

म्हणजे मी दगड मारण्याआधीच तू घर रिकामं केलं होतंस.

पण ते पुढे म्हणाले, "तरी तक्रार आलीय म्हटल्यावर चौकशी पूर्ण करावी लागेल. तोवर त्या उमेदवाराची फेरपरीक्षा थांबवलीय."

मी म्हटलं, "तिची का? मी तिच्याविरुद्ध काही लिहिलं नाही."

"नाव तर तिचंच आहे ना मॅडम तक्रारीत."

तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. मला माहीत होतं ते. मेल लिहिताना मला फक्त तू दिसत होतीस, मालविका. तुझी ती मान हलवणं. शरणम्मा मला दिसलीच नाही.

दुपारी गुरुबसप्पाचा फोन आला. "मॅडम, परीक्षा क्यान्सल झाली म्हणं. आता आमी किती वाट बगायची? तिच्या मालकाकडचे लोक रोज निरोप धाडून राहिलेत." मी म्हटलं, थोडं थांबा. तो म्हणाला, "तुमीच म्हणला होता, सहा महिन्यांत नोकरी." मी फोन ठेवला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशीला मला बोलावलंय. तुलाही बोलावलं असेलच. कसं बोलायचं हे मी अजून ठरवलेलं नाही. तुझ्यासमोर मान खाली घालायची ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणि मान खाली घातली नाही तर ती पोरगी जाईल.

सौदामिनी


लातूर, २ नोव्हेंबर २०२५

मालविका,

चौकशीच्या खोलीत आपण दोघी होतो तरी हे लिहावंसं वाटतं, कारण तिथे आपण एकमेकींकडे बघितलंच नाही.

रविकांत सरांनी आधी तुला विचारलं. तू तुझ्या बाजूनं बोलशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "जूनमध्ये मी जायलाच नको होतं. सौदामिनी माझी मैत्रीण आहे हे मी ऑफिसला फोनवर सांगितलं होतं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून ते म्हणाले जा, आणि मी गेले. नाही म्हणायला हवं होतं. कडक वागलं म्हणजे ओळख पुसली जाते असं मला वाटलं. तशी ती पुसली जात नाही. त्या दिवशी मी त्या मुलीला बरोबर नापास केलं, पण आज कुणी शंका घेतली तर मला ती खोडता येत नाही."

मी तुझ्याबद्दल वाईट बोलायला शब्द जुळवून आले होते. ते तूच माझ्या हातातून काढून घेतलेस. याचाही मला राग आला, खरं सांगते. स्वतःला दोष देण्यातसुद्धा तू माझ्या पुढे.

शरणम्मालाही बोलावलं होतं. मग त्यांनी तिला विचारलं, "परीक्षेच्या आधी ट्रेनरनं तुम्हाला काय शिकवलं होतं? पेशंटशी बोलायचं असतं हे सांगितलं होतं का?"

ती फरशीकडे बघत होती. म्हणाली, "मॅडमनी समदं शिकवलं, सर. चूक माजी हाय. मीच भ्याले."

मालविका, ती मला वाचवत होती. जिला मी तुझी झाली म्हणून रोज मनातल्या मनात शिव्या घालत होते, ती साहेबासमोर माझ्यासाठी खोटं बोलत होती. आणि तरी तेवढ्यात माझं लक्ष कुठे होतं सांगू? बोलून झाल्यावर ती कुणाकडे बघते, तुझ्याकडे की माझ्याकडे, तिथे.

ती कुणाकडेच बघत नव्हती.

मग मी बोलले. म्हटलं, "सर, ती खोटं सांगतेय. तोंड उघडू नकोस असं तिला मीच सांगितलं होतं. तिच्या बोलण्याला लोक हसतात म्हणून. तिला उचलायला, पुसायला, भरवायला शिकवलं, पण पेशंटशी बोलण्याची वेळ आली की मीच तिला गप्प केलं. नापास झाल्यावर कारण विचारलं तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. आणि ही तक्रार मी नियमासाठी केलेली नाही. मला मालविकाचा मत्सर वाटतो म्हणून केली."

तो शब्द मी मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता. रविकांत सरांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "मॅडम, हे लिहून घ्यावं लागेल." मी म्हटलं, घ्या.

निकाल तुला माहीत आहे. सहा महिने मला वर्ग नाही. सध्या मी सेंटरवर दाराशी बसून नवीन मुलींची नावनोंदणी करते. लातूर जिल्ह्यात परीक्षेला तू यायचं नाही. शरणम्माची परीक्षा सोलापूरच्या असेसरनं घेतली आणि ती पास झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. "मॅडम, पास झाले." मी विचारलं, "आधी कुणाला सांगितलंस?" ती उत्तर द्यायच्या आत मीच म्हटलं, "बरं केलंस, बरं केलंस." पण विचारायचं ते विचारून बसले होते.

त्या दिवशी चौकशीच्या खोलीबाहेर तू मला थांबवलंस. "काचेशी तू उभी होतीस ते मी बघितलं होतं, सौदा."

मी म्हटलं, "मग हाक का मारली नाहीस?"

"मारली असती तर आली असतीस?"

मी उत्तर दिलं नाही. आज देते. नसते आले.

सौदा


लातूर, १० डिसेंबर २०२५

मालू,

हे पत्र जरा घाईचं आहे. तुझा फोन अजून लागत नाही. तो चालू कर म्हणायला आता माझं तोंड नाही, पण हे वाचून झाल्यावर तरी कर.

काल दुपारी गुरुबसप्पा सेंटरवर आला. अंगात पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मी दाराशीच बसले होते. त्यानं नमस्कार केला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, पुढच्या आठवड्यात अवसेला येळवस हाय. समदे शेतात पूजेला जमणार. मालकाकडचेबी येणार हायेत. समझोता झालाय. शरणम्माला येळवशीला आणतो आन तिकडूनच पोचती करतो."

मी विचारलं, "तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? तिचं घर हाय ते."

"तिला मारत होते त्या घरात."

"आता न्हाई मारणार म्हणलेत. चार लोकांसमोर म्हणलेत." मग त्यानं विचारलं, "ती कुठल्या हॉस्पिटलात हाय तेवडं सांगा. मावशी सांगून न्हाई राहिली."

मी सांगितलं नाही. म्हटलं, ती पास झालीय, पगारावर आहे, सज्ञान आहे, तिच्या मर्जीशिवाय तिला कुणी नेणार नाही.

तो चिडला. उठून उभा राहिला. "तुमी कोण सांगणारे? तुमी तर आता ट्रेनरबी न्हाई म्हणं. परक्या गावात बाईमाणूस एकटं. मावशी सोडली तर तिथं तिचं हाय कोण?"

मालू, मला 'मी आहे' म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर आला होता. पण मी लातुरात, ती नांदेडात. मी बसमध्ये बसून तिथे पोचेपर्यंत तो तिला घेऊन अर्ध्या वाटेत आला असेल. मग मी म्हटलं, "तिची मोठी बहीण आहे तिथे. वॉर्डाची सिस्टर आहे. ती तिला जाऊ देणार नाही."

तो म्हणाला, "आमच्यात तिला मोठी बहीण न्हाई."

मी म्हटलं, "आहे."

हे म्हणताना माझ्या जिवाची काय होळी झाली ते तुला सांगून कळणार नाही. तो माणूस समोर रागानं लाल झालेला, आणि मला मात्र वाटत होतं की हे वाक्य मी माझ्याबद्दल का म्हणू शकले नाही. मत्सर एकदा साहेबासमोर कबूल केला की जातो, असं मला वाटलं होतं. जात नाही. बसलेलाच असतो. आता फक्त मी त्याला बाजूला सरकवून कामं करते.

शरणम्माला मी फोनवर सगळं सांगितलं. "येऊ दे, मॅडम. मी बोलते त्याच्याशी," म्हणाली. पण भावाच्या पुढे तिनं आजवर मान वर केलेली नाही. तो शोधत शोधत हॉस्पिटलपर्यंत येणारच. येळवशीच्या आधी, म्हणजे सोमवार-मंगळवारी. तिची ड्यूटी तुझ्याबरोबर लाव. गेटवरच्या माणसाला सांगून ठेव. एखाद्या वकीलबाईशी बोलून ठेव, नांदेडात तुझ्या ओळखी आहेत. माझ्या तशा नाहीत. आणि तो आला तर तिच्या वतीनं तू बोलू नकोस. तिला बोलू दे, कानडीत, मराठीत, जसं येईल तसं. तू फक्त शेजारी उभी रहा.

मी सोमवारी पहिल्या बसनं निघते. मी पोचेपर्यंत तिच्याजवळून हलू नकोस.

आणि मी पोचल्यावरही हलू नकोस.

सौदा